ट्रॉलीच दिसली नाही तर गाडी थांबणार कशी? रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. चोपड्याहून धरणगावकडे येत होतो, तापीचा पूल मागे पडला, रात्रीचे साडेआठ-नऊ झाले असतील, शेजारी बायको, मागच्या सीटवर पोरगी झोपलेली. गाडी नवीन आहे, तिच्यात ते ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग आहे, म्हणजे धडक होणार असं दिसलं की गाडी स्वतःच ब्रेक लावते, खास त्याच्यासाठी वरचं मॉडेल घेतलं, जास्तीचे पैसे मोजले. समोरून एक ट्रक अप्पर मारत आला, डोळे दिपले, तो गेला अन् एकदम पुढ्यात कापसाची ट्रॉली. ना लाइट ना इंडिकेटर. गाडीने बीप केलं नाही, ब्रेक पण लावला नाही. मीच जीव खाऊन दाबला अन् साइडपट्टीवर उतरवली म्हणून आज हे लिहितोय.

खाली उतरलो तर पाय थरथरत होते. ट्रॅक्टरवाला पण उतरला, माझ्याच वयाचा, झोप नसल्याने डोळे लाल. "काय व्हयनं भाऊ?" म्हणे. भांडायला तोंडच उघडेना. मोबाईलचा टॉर्च लावून ट्रॉली मागून बघितली. कापूस फळीच्या बाहेर हातभर फुगलेला, वरून जाळी बांधलेली, अन् त्या फुगवट्याच्या खाली एक लाल रिफ्लेक्टर, चिखलाने पूर्ण माखलेला. रुमालाने पुसला तसा चमकला.

तेव्हापासून हे ब्रेक चालतं कसं ते मी समजून घेतलं साहेब. गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या मागे रडार असतं, काचेवर आरशापाशी कॅमेरा. रडार अंतर अन् वेग सांगतं, समोर नेमकं काय आहे ते कॅमेरा ओळखतो, आणि कॉम्प्युटर सारखा हिशोब करत राहतो की असंच गेलो तर किती सेकंदात धडक. आधी बीप, मग थोडा ब्रेक, तरी ड्रायव्हर हलला नाही तर पूर्ण दाब. ताशी 80 ला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते, अन् लोअर लाइट पडतो जेमतेम 40-50 मीटर. ट्रॉली ताशी 15 ने चाललीय असं धरलं तरी 40 मीटरचं अंतर सव्वादोन सेकंदात संपतं. तेवढ्यात ओळखायचं, खात्री करायची अन् थांबायचं.

आणि ओळखायलाच अडचण आहे. कॅमेऱ्याला मुख्यतः शिकवलेलं असतं गाडीची मागची बाजू, पायी माणूस, सायकल. कापसाचा फुगलेला ढीग त्यात कुठे बसतो? रडारला लोखंड कळतं, पण रस्त्याच्या पाट्या, पुलाचे कठडे, कमानी पण लोखंडाच्याच, प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर मागचा ट्रक अंगावर येईल, म्हणून जोरात चाललेलं असताना उभ्या किंवा फार हळू वस्तूच्या सिग्नलला बऱ्याच सिस्टिम कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याशिवाय किंमत देत नाहीत. त्यात धुकं, पाऊस, समोरचा अप्पर, काचेवरची धूळ. आणि शेवटी दाबले जातात ते गाडीचे आहेत तेच ब्रेक, टायर गुळगुळीत असेल तर थांबायला जास्त अंतर लागणारच. 4 जुलै 2023 ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर घुसला अन् किमान दहा माणसं गेली, तशा गाडीत हे यंत्र बसवलेलं असतं तरी उपयोग झाला नसता.

2025 मध्ये तुमच्या मंत्रालयाने बस अन् ट्रकला हे ब्रेक बंधनकारक करायचा मसुदा काढला, ते मला मनापासून पटलं. केळीने भरलेला ट्रक मागे चिकटून आला की पहिले हेच वाटतं, ह्याला हे पाहिजे. पण अमेरिकेने 2024 मध्ये नियम केला तेव्हा अंधारात पायी चालणारा माणूस ओळखून गाडी थांबली पाहिजे अशी अट घातली, 2029 पासूनच्या नव्या कारला. मग आपल्या टेस्टमध्ये बिनलाइटची ट्रॉली, बैलगाडी, रस्त्यात बसलेली म्हैस हे पण असू द्या ना. आणि गाडी देताना गिऱ्हाइकाला मराठीत समोर बसवून सांगायला लावा की हे कधी चालत नाही. मला शोरूममध्ये "गाडी आपोआप थांबते" एवढंच सांगितलं होतं, बाकी सगळं इंग्रजी पुस्तकात बारीक अक्षरात.

रिफ्लेक्टरचा नियम कागदावर आहेच. तो जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटवर अन् कापूस खरेदी केंद्रावर आणा साहेब, कापसाच्या सीझनमध्ये तिथे चमकणारी टेप फुकट ठेवा, ट्रॉली रिकामी झाली की मागे-बाजूला लावूनच परत पाठवा, अन् टेपची एक पट्टी उंच काठीवर मागे लटकवायला द्या म्हणजे कापूस फुगला तरी झाकली जाणार नाही. दंड करू नका, शेतकऱ्याकडे त्या दिवसात पैसे नसतात, मी पण कापूसच लावतो.

त्या रात्री मी चारही इंडिकेटर लावून त्याच्या मागे मागे जिनिंगपर्यंत गेलो. गेटबाहेर चाळीसएक ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. लाइट टाकत, मोजत पुढे गेलो, पाचच चमकल्या.

आपला,
धरणगाव तालुक्यातला एक शेतकरी