रात्री जागणाऱ्या बाबांसाठी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात घरी आले होते तेव्हा रात्री अडीचला बाबा अंगणात उभे दिसले. हातातली बॅटरी विझलेली, नजर पश्चिमेच्या विजांकडे. विचारल्यावर "पाणी प्यायला उठलो" म्हणालात. मी पुढे बोलले नाही, कारण मीही जागीच होते आणि मोबाइलवर पावसाचा तोच नकाशा चौथ्यांदा पाहत होते.

बाबा, या अस्वस्थतेला आता हवामानचिंता असे नाव आहे. 2021 साली भारतासह 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 जणांना हवामानबदलाबद्दल विचारले, तेव्हा 59 टक्क्यांनी आपण फार किंवा अत्यंत चिंतेत असल्याचे सांगितले. दुबार पेरणी सोसलेला, साठी ओलांडलेला माणूस मात्र त्यांत कोणी नव्हता! "पूर्वी मृगात पाऊस यायचा" ही तुमची नुसती कुरकुर नव्हे. 2024 हे नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते; म्हणून पाऊस पडतो तेव्हा वावरातली माती घेऊनच जातो. आई, बाबा हल्ली सारखे चिडतात असे तू म्हणालीस, त्यामागे मला राग कमी आणि ही भीती जास्त दिसते.

मी स्वतः रात्री नऊनंतर हवामान पाहणे बंद केले आहे, सकाळी एकदाच पाहते. तुम्हाला आभाळ पाहू नका म्हणणे व्यर्थ आहे, म्हणून एवढेच करा: सरळ काठांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी फूटपट्टीने पाणी मोजून कॅलेंडरवर लिहा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणी नको, असे कृषी विभाग सांगतो. तो आकडा भरेपर्यंत शेजाऱ्याची तिफण निघाली तरी आपले बियाणे घरातच राहू द्या. यंदा दोन एकर सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घेऊ, म्हणजे जास्तीचे पाणी सरीतून निघेल आणि पावसाने ओढ दिली तरी वरंब्यात ओल टिकेल.

एवढे करूनही छाती धडधडली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोला. तो फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. मीही दोनदा बोलले आहे, हे तुम्हाला आजवर सांगितले नव्हते.

शनिवारी येते. डबा आईच्या तुळशीपासून लांब ठेवा, नाहीतर सकाळचे तुळशीचे पाणीही मोजले जाईल.

तुमची,
लेक