कंपायलर पाठ करून कळत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिची कंपायलरची (आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा बदलून देणारा प्रोग्राम) वही चाळली तर पानंच्या पानं फर्स्ट-फॉलोचे सेट आणि पार्सिंग टेबल, म्हणजे प्रोग्रामची ओळ भाषेच्या नियमात कशी बसते हे ठरवायच्या याद्या आणि तक्ते, म्हटलं हे टेबल लागतं कशाला गं, तर म्हणाली मामा, परीक्षेला हमखास येतं. ऐकून वाईट वाटलं, कारण मीही असंच घोकून पास झालो होतो.

मग दोन रविवार आम्ही दोघं बसलो आणि पायथनमध्ये छोटं कॅल्क्युलेटर लिहायला घेतलं, आधी ओळीचे तुकडे म्हणजे टोकन पाडायचे, मग त्यांचा ट्री, म्हणजे कोणती क्रिया आधी हे दाखवणारी फांद्यांची आकृती, बांधायचा, मग खालून वर उत्तर काढत जायचं. 2 + 3 * 4 चं बरोबर 14 आलं, पोरगी खूश. पण 10 - 4 - 3 दिलं तर 3 यायच्या ऐवजी 9! अर्धा तास डोकं खाल्लं, शेवटी तिनेच कागदावर ट्री काढला आणि ओरडली, अहो मामा हा आधी 4 मधून 3 वजा करतोय! ग्रामरचा, म्हणजे आमच्या भाषेच्या व्याकरणाचा, नियम उजवीकडून वाढत होता. तिथे लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणं) टाकला आणि झालं. लेफ्ट असोसिएटिव्ह म्हणजे डावीकडून हिशोब करत जायचं, हे आता ती जन्मात विसरणार नाही.

थिअरी नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. 1957 साली आयबीएमच्या फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेचा कंपायलर आला तेव्हा ही थिअरी तयार नव्हती, जॉन बॅकस यांच्या टीमची त्या कंपायलरवर सगळी मिळून 18 माणूस-वर्षं (एकट्या माणसाला 18 वर्षं पुरेल एवढं काम) गेली, आणि आज दोन रविवारात निदान कॅल्क्युलेटर तरी होतं ते नंतर तयार झालेल्या या थिअरीमुळेच. पण हे हाताने केल्याशिवाय पटत कसं?

आणि भाषा काय अमेरिकेतच बनतात असंही नाही, लुआ ही भाषा 1993 मध्ये ब्राझीलच्या रिओमधल्या एका युनिव्हर्सिटीत तिघांनी बनवली आणि पुढे जगभरच्या गेममध्ये गेली. आपल्या पोरांना निदान सुरुवात तरी करू द्या.

अभ्यास मंडळांना एवढीच विनंती आहे, टर्म वर्कला एकमेकांच्या फायली उतरवून काढण्यापेक्षा दोघादोघांच्या ग्रुपला स्वतःची एक छोटी भाषा करायला लावा, व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव), इफ (अट) आणि एक लूप एवढं पुरे, आणि तोंडी परीक्षेत त्यातलाच एक नियम बदलून दाखव म्हणा.

आपला,
एक वाचक, सांगली