वाचून मगच सही करता यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिझर्व्ह बँकेने २१ मे २०१४ च्या परिपत्रकात सर्व बँकांना एक साधी सूचना केली होती. अल्पदृष्टी असलेल्या ग्राहकांसाठी प्रत्येक शाखेत भिंग ठेवा आणि ते असल्याचा फलक दर्शनी भागात लावा. १ जुलै २०१४ पासून बसणारी सर्व नवी एटीएम बोलकी आणि ब्रेल कळांची असावीत, हेही त्याच परिपत्रकात होते. बोलक्या एटीएमबद्दल निदान ऐकलेले तरी असते. भिंगाची सूचना बहुतेक ग्राहकांना माहीतही नाही. मी बँकेतून निवृत्त झाले आहे आणि वयोमानाने माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे, तेव्हा काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. माझी मागणी भिंगाच्या पुढची आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या बँक शाखा, प्रभाग समित्यांची कार्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांत मजकूर मोठा करून दाखवणारे आणि तो मराठीतून वाचूनही दाखवणारे एक छोटे यंत्र सर्वांच्या वापरासाठी ठेवले जावे.

आमच्यासारख्यांची अडचण लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची वेगवेगळी नोंद केली आहे. चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६० या टप्प्यात असेल तर ती अल्पदृष्टी. ३/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर वाचायला तीन मीटरवर यावे लागते. पण अशी व्यक्ती घरात स्वयंपाक करते, जिना उतरते, गावदेवी मैदानाला चक्कर मारून येते. म्हणून 'चालता तर अगदी व्यवस्थित, मग वाचता कसे येत नाही?' हा प्रश्न सतत कानावर पडतो. उत्तर सोपे आहे. चालायला नजरेच्या कडा पुरतात, वाचायला मध्य लागतो, आणि माझ्या आजारात नेमका मध्य जातो.

भिंगाला मर्यादा आहेत आणि त्या भिंगाच्या घडणीतल्याच आहेत. जितके जास्त पट मोठे दाखवायचे, तितके भिंग लहान होते आणि कागदाला चिकटवून धरावे लागते. दहा पटींचे भिंग कागदापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर धरावे लागते आणि त्यात एका वेळी दोन-चार अक्षरेच मावतात. हात जरा हलला की ओळ सुटते. शिवाय भिंग अक्षर मोठे करते, पण फिकट शाई गडद करत नाही. पासबुक छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन विटली की राखाडी ठिपक्यांचे मोठे राखाडी ठिपके होतात, एवढेच.

इलेक्ट्रॉनिक भिंगात, म्हणजे व्हिडिओ मॅग्निफायरमध्ये, मागे कॅमेरा आणि पुढे पडदा असतो. पडदा साधारण तळहातापासून वहीच्या पानाएवढा. यंत्र कागदावर ठेवून ताठ बसून वाचता येते. काळ्यावर पांढरी, काळ्यावर पिवळी, निळ्यावर पिवळी अशी अक्षरे करून घेता येतात आणि त्या रंगबदलाने जे साधते ते पुष्कळदा नुसत्या आकाराने साधत नाही. चित्र गोठवण्याचे एक बटण असते. औषधाच्या पाकिटावरची तारीख टिपून, यंत्र डोळ्यांजवळ आणून सावकाश बघता येते. चंदेरी पट्टीवर उजेड चमकून अक्षरे पुसली जातात, तेव्हा यंत्राचा दिवा बंद करायचा. स्टँड असलेल्या यंत्राखाली हात घालून, पडद्यावर बघत, सहीच्या रेघेवर सही करता येते. ही शेवटची सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते.

मग बोलणे कशाला हवे? कारण डोळे थकतात. मोठे केलेले अक्षर कडेच्या नजरेने वेचत वाचणे हे मेहनतीचे काम आहे. पाच-सात ओळींनंतर डोक्यात कळ येते आणि वाचलेले लक्षात राहत नाही. कर्जाचा करार, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा वृत्तान्त, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद कोणी पाच-सात ओळींत लिहीत नाही. इथे यंत्राने पानाचा फोटो घ्यायचा, त्यातली अक्षरे ओळखायची आणि वाचत सुटायचे. लांब मजकूर कानाने, रक्कम आणि सहीची जागा डोळ्याने, अशी वाटणी सवयीने छान जमते. काचबिंदूने किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसाने ज्यांची नजर कडांकडून आक्रसत गेली आहे, त्यांना तर फार मोठे अक्षर उलट गैरसोयीचे, कारण उरलेल्या चिमूटभर नजरेत शब्दच मावत नाही. त्यांच्यासाठी बोलणे हाच खरा भाग.

हे सगळे मोबाइलवर होते असे तरुण मंडळी सांगतात. होते, आणि ज्यांना जमते त्यांनी जरूर वापरावे. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे अॅप १ जानेवारी २०२० पासून आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालते. पण पूर्ण पान चौकटीत येईल इतक्या उंचीवर, न हलवता, वाकडा न करता मोबाइल धरणे ही चांगली नजर असलेल्याची कसरत आहे. हात थरथरणाऱ्या, गुळगुळीत काचेवर बोट नेमके न पडणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसाला बोटाला जाणवणारी तीन-चार बटणे आणि पक्के स्टँड हवे.

आता मराठीबद्दल. बोलणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळशी परदेशी बनावटीची आहेत. इंग्रजी ती सफाईने वाचतात. देवनागरीत अक्षरे शिरोरेषेला जोडलेली, वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. छपाई जरा फिकट असली की ओळखण्यात चूक होते. त्यात आवाज हिंदीचा असेल तर मराठी मजकूर हिंदी वळणाने कानावर येतो आणि रकमा थेट हिंदीतच. ४५ हजार ७२० रुपयांचा आकडा 'पैंतालीस हजार' असा ऐकून आपले नेमके किती, याचा आयुष्यभर मराठीत हिशेब केलेल्या म्हाताऱ्या बाईला भरवसा कसा वाटावा? सातबाऱ्यासारख्या तक्त्यात तर यंत्र रकाने ओलांडून सरळ आडवे वाचत गेले की एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावावर ऐकू येते. म्हणून खरेदीच्या वेळी विक्रेत्याच्या चकचकीत नमुन्यावर विसंबू नये. मालमत्ता कराचे देयक, सातबारा, झिजलेल्या रिबनचे पासबुक आणि आपले वर्तमानपत्र, हे चार कागद यंत्राखाली ठेवावेत, ते मराठी आवाजात नीट वाचते का ते पाहावे आणि परीक्षेला अल्पदृष्टी असलेलीच माणसे बसवावीत. यंत्र इंटरनेटशिवाय चालणारे हवे, कारण लोकांचे बँकेचे आणि आजारपणाचे कागद बाहेर कुठे जाता कामा नयेत.

आणि हेडफोन हवाच. ठाण्यातल्या एका शाखेत मी भिंग मागितले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने अगदी आपुलकीने सांगितले, "काकू, भिंग कशाला, मी वाचते ना." तिने माझ्या मुदत ठेवींचे आकडे मला ऐकू जावेत म्हणून मोठ्याने वाचले आणि मागची सगळी रांग गप्प होऊन ऐकत होती. तिचा दोष नाही, तिच्याजवळ दुसरे साधनच नव्हते. नोकरीत असताना मीही असे कितीतरी ग्राहक पाहिले, जे ओळखीच्या कुणाला तरी सोबत आणून, तो बोट ठेवील तिथे सही करत. फसवणूक प्रत्येक वेळी होते असे नाही. पण आपल्या पैशांचा कागद आपणच वाचावा, इतके तर माणसाला मिळायला हवे.

किमतीमुळे घरोघरी हे यंत्र येणार नाही. न बोलणाऱ्या साध्या यंत्रालाही हजारो रुपये पडतात आणि बोलणारी नावाजलेली यंत्रे लाखाच्या पुढे जातात. अठरा वर्षांपर्यंतच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अशी साधने विनामूल्य मिळावीत असे २०१६ च्या कायद्याचे कलम १७ सांगते. शाळांनी ते मनावर घ्यावे. पण साठीनंतर नजर गेलेल्यांचे काय? त्यातल्या अनेकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढलेलेच नसते. घरातलेही 'वय झाले, आता असेच चालायचे' म्हणतात. सार्वजनिक जागी ठेवलेल्या यंत्राला प्रमाणपत्र लागत नाही. महापालिकांनी आपल्या उत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून नौपाडा, उथळसर, वर्तकनगर, कळवा, मुंब्रा, दिवा येथील कार्यालयांत एकेक यंत्र आणि ते चालवून दाखवणारा एक कर्मचारी ठेवणे अवघड नाही. नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीत आहेच. वेगवेगळी यंत्रे मांडून, ज्याच्या त्याच्या नजरेला कोणते जुळते ते बघण्याची खोली तिथे सुरू व्हावी. वर सांगितल्याप्रमाणे माझा आजार आणि काचबिंदू यांची गरज एक नसते. न बघता घेतलेले महागडे यंत्र कपाटात जाते.

ग्रंथालयांबद्दल माझा आग्रह अधिक आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. तिथल्या कपाटांतली किती तरी पुस्तके पुन्हा छापली गेलेली नाहीत, त्यांची ध्वनिपुस्तके निघण्याची शक्यता तर नाहीच. दृष्टिहीनांसाठी पुस्तके वाचण्याजोग्या रूपात आणायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला स्वामित्वहक्क कायदा परवानगी देतो. अशा पुस्तकांसाठीच झालेल्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश २०१४ मध्ये भारतच होता आणि २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पण कपाटातून आज काढलेले पुस्तक आज दुपारी, खिडकीजवळच्या टेबलावर वाचायचे असेल तर यंत्रच हवे. आयुष्यभर वर्गणी भरून, नजर गेल्यावर ग्रंथालय सुटलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत.

आपल्यालाही एक विनंती आहे. जमिनीच्या आणि सदनिकांच्या जाहीर नोटिसा वर्तमानपत्रांत सर्वांत बारीक टायपात छापल्या जातात, आणि हरकतीची मुदत त्या टायपातच संपते. त्यांचा टाइप वाढवावा. करड्या पट्टीवरची आणि छायाचित्रावर चढवलेली अक्षरे टाळावीत, कारण ती आम्हालाही दिसत नाहीत आणि यंत्रालाही ओळखता येत नाहीत. वाचकांनी आपापल्या बँकेत गेल्यावर २०१४ च्या परिपत्रकातले भिंग आणि त्याचा फलक कुठे आहे, हे शाखाधिकाऱ्यांना विचारावे. ज्या शाखेत ते नसेल तिथे लेखी मागणी द्यावी आणि त्याच अर्जात बोलणाऱ्या यंत्राचीही मागणी लिहावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
नौपाडा, ठाणे (प.)