फुकटची निळी गोळी आणि अठराशेची बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या एका मंगल कार्यालयात ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी शिबिर’ भरलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, फुकट आहे तर जाऊन येऊ. गेलो. स्टीलची एक दांडी मुठीत धरायची, तिची वायर लॅपटॉपला, आणि मिनिटभरात छत्तीस पानांचा अहवाल. रक्ताचा थेंब नाही, लघवी नाही, साधं वजनसुद्धा कुणी केलं नाही. तरी जाऊबाईंचं जस्त कमी निघालं, सेलेनियम कमी निघालं, कॅल्शियम ‘मध्यम असंतुलित’ आणि यकृतात ‘विषारी घटक’. उपाय म्हणून बाटल्या. एक अठराशेला, चार घेतल्या तर साडेसहा हजार.

मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. खोड जात नाही. पहिल्यांदा दांडी कोरड्या हातानं धरली. मग नळावर जाऊन हात ओले केले, पदराला अर्धवट पुसले आणि दुसऱ्या टेबलावर दुसरं नाव सांगून पुन्हा धरली. पहिल्या अहवालात माझं कॅल्शियम कमी होतं, दहा मिनिटांत ते भरून आलं. टेबलावरच्या पोरानं घाईत ‘पुरुष’ वर बोट ठेवलं असावं, कारण या वेळी माझी प्रोस्टेट ग्रंथीही ‘उत्तम’ असल्याचं कळलं.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण अशाच एका बाटलीपायी मी स्वतः पाच महिने घालवले आहेत, म्हणून हे पत्र.

आमच्या घरात माळ आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात राहून आम्ही अंड्यालाही हात लावत नाही. मला मधुमेह, आणि मेटफॉर्मिनची गोळी अकरा वर्षं चालू. दोन वर्षांपूर्वी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. रात्री चादर लागलेलीही नको वाटे. अंबाबाईच्या देवळात अनवाणी चालताना फरशी गार आहे की तापलेली, हे नीट कळेना. ओळखीतल्या एका बाईंनी ‘नसांसाठी’ म्हणून बाटली आणून दिली. ‘‘अवो मॅडम, समदं झाडपाल्याचं हाय, साइड इफेक्ट काय बी न्हाई.’’ आत अश्वगंधा, शतावरी, हळदीचा अर्क आणि शेवटच्या ओळीत फॉलिक ॲसिड. त्या शेवटच्या ओळीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, आणि मुलांना मात्र जन्मभर सांगत आले की प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचा.

मध्यंतरी हिमोग्लोबिन तपासलं तर १२.४. म्हटलं, रक्त चांगलं आहे, मुंग्या वयाच्या असतील. पाचव्या महिन्यात जिना उतरताना तोल गेला, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: मेटफॉर्मिन किती वर्षं, आणि मांसाहार करता का. ब-१२ तपासायला सांगितलं. आलं १३१, लॅबच्या कागदावर खालची मर्यादा दोनशेच्या आसपास होती.

हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतंच. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मटण, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. शाकाहारी माणसाची सगळी मदार दुधावर, आणि माझं दूध म्हणजे दिवसातून दोन कप चहात पडेल तेवढंच. (आमचे हे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभ्यानं ग्लास रिकामा करून येत. त्यांचं ब-१२ कधी कमी आलं नाही, मी मात्र इतकी वर्षं त्यांना कच्च्या दुधावरून बोलत राहिले. दूध उकळून घ्यावं हे माझं म्हणणं आजही तेच आहे.) त्यात मेटफॉर्मिनमुळे आतड्यातलं ब-१२ चं शोषण कमी होतं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे तूट लगेच कळत नाही; कळते तेव्हा नसांना इजा झालेली असते. आणि बाटलीतल्या त्या फॉलिक ॲसिडची करामत अशी, की ब-१२ कमी असताना नुसतं तेवढंच घेतलं तर रक्ताचं चित्र सुधारतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. माझं १२.४ हिमोग्लोबिन मला धीर देत होतं ते असं. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या बऱ्याच उतरल्या. डाव्या पायाच्या दोन बोटांत बधिरपणा राहिला आहे, तो बहुतेक राहणारच. मेटफॉर्मिन बंद केलेलं नाही. कुणी हे वाचून करूही नये. अनेक वर्षं ती गोळी चालू असेल तर ब-१२ तपासून घ्यायचं का, एवढं आपल्या डॉक्टरांना विचारावं.

फॉलिक ॲसिडला मी दोष देते आहे असं कुणी समजू नये. त्याचा शोध तर आपल्या मुंबईतून सुरू झाला. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया, होई, रक्तपेशी संख्येनं कमी पण आकारानं मोठ्या. लोह देऊन उपयोग होत नव्हता. बाईंनी त्या बायका काय खातात ते पाहिलं, प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टच्या अर्कानं, म्हणजे पावाला लावायच्या मार्माइट नावाच्या काळ्या स्वस्त लेपानं, त्या बऱ्या होतात असं १९३१ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक तेव्हा कुणाला माहीत नव्हता, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. तोच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आठवीला मी हे दरवर्षी सांगत असे. पुस्तकात नव्हतं, पण गिरणी म्हटलं की पोरं कान देत. निम्म्यांचे आजोबा कधी ना कधी मुंबईला गिरणीत राहून आलेले.

आणि तेच फॉलिक ॲसिड, लोहासकट, आमच्या शाळेत दर सोमवारी फुकट वाटलं जाई. सरकारची निळी गोळी. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक, शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. आता मला जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल फारसं चांगलं नाही. सोमवारी मी रजिस्टरवर ‘सर्वांनी घेतली’ अशी सही करत असे. आणि पहिला वळीव झाला की वर्गाच्या खिडकीखालच्या पायरीवर निळे ओघळ दिसत. पोरींनी खिडकीतून टाकलेल्या गोळ्यांचा रंग विरघळून खाली आलेला. मला माहीत होतं. ‘‘मॅडम, पोटात ढवळतंय’’, ‘‘मॅडम, आई म्हणती ही गोळी खाऊन नको येऊस’’, हे मी दर सोमवारी ऐकत होते, पण बसून त्यांना समजावायचं तास संपेपर्यंत राहूनच जाई.

समजावण्यासारखं होतं थोडंच. गोळी उपाशीपोटी नको, डबा खाऊन झाल्यावर घ्यायची. शौचाला काळी होते, त्याला भ्यायचं नाही, ते उरलेलं लोह असतं. गोळीवर लगेच चहा नको, चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. त्यापेक्षा लिंबू किंवा पेरूची फोड खा, क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. कपिलतीर्थाच्या मंडईत पेरूला काय तोटा? आणि एवढं करूनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर कारण लोहाचंच आहे का ते डॉक्टरांना बघू द्या. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक दोषात लोहाच्या गोळ्या ढोसून काही होत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग असल्याचं दिसलं. म्हणजे खरी तूट आहे, मोजलेली आहे, आणि तिच्यावरची गोळी दारात येते. ती आपण खिडकीतून टाकतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. तिची आई भिशीचा नंबर लागल्यावर तिच्यासाठी उंची वाढवायची पावडर घेऊन आली, दोन हजारांची, आणि मला मोठ्या कौतुकानं डबा दाखवला. मी काय बोलणार होते? सही तर माझीच होती.

आता जाऊबाईंकडे वळते. त्यांनी शेवटी दोन बाटल्या घेतल्याच. एक कॅल्शियमची. चिठ्ठीवर लिहिलेलं: सकाळी उपाशीपोटी. त्यांची थायरॉइडची गोळी पण सकाळी उपाशीपोटीच. दोन्ही एका घोटात. कॅल्शियम काय, लोह काय, थायरॉइडच्या गोळीला पोटातच अडवतं. दोन्हींत चार तासांचं तरी अंतर लागतं. हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं, कारण माझी जीभ आता पोळलेली आहे. हाडांसाठी नाचणीची भाकरी आणि तीळ यांना त्या ‘गरिबाचं खाणं’ म्हणतात. असो, जावा-जावांचं हे वर्तमानपत्रात नको.

झाडपाल्याविषयी एक गोष्ट लिहायलाच हवी. करोनाच्या काळात आमच्या गल्लीत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. पन्हाळ्याच्या वाटेवरून पोरं गाडीला वेल बांधून आणत. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञ बघतील. पण मंत्रालयाचं खरं मानलं, तरी मोटारसायकलला बांधून आणलेली वेल नेमकी कुठली होती, हे आमच्या गल्लीत कोण सांगणार होतं? वैद्य नाडी बघतात, पथ्य सांगतात, किती दिवस घ्यायचं ते सांगतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. बाळंतिणीला अळिवाचे आणि डिंकाचे लाडू मीही केले आहेत. माझी तक्रार आहे ती ‘साइड इफेक्ट नाही’ या तीन शब्दांबद्दल. ज्याचा शरीरावर परिणाम होतो, त्याचा नको तो परिणामही होऊ शकतो. सांगलीची हळद भाजीत चिमूटभर पडते ती वेगळी आणि तिचा अर्क मिरीच्या अर्काबरोबर कॅप्सूलमध्ये भरतात तो वेगळा. मिरीनं हळद जास्त शोषली जाते हे खरं, पण चालू असलेली इतर काही औषधंही ती तशीच वाढवून ठेवू शकते.

जीवनसत्त्वांचंही तेच. ‘ड’ ची साठ हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडे देतात. आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी ती रोज एक घेतली, कारण ‘‘कमी हाय म्हटल्यावर लवकर भरून काढू’’. रक्तातलं कॅल्शियम चढलं, उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडावर ताण. दवाखान्यात राहावं लागलं. अ, ड, ई, के अंगात साठतात, जास्तीचं सहजी बाहेर टाकता येत नाही. फिनलंडमध्ये एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीनचा मोठा प्रयोग झाला. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांतच तो जास्त निघाला. गाजर खाणं आणि गाजरातला एक पदार्थ काढून गोळीतून खाणं यांत एवढा फरक पडतो.

आपल्याकडे मागणं दोन आहे. आपल्यासह सगळ्याच वर्तमानपत्रांत शक्तिवर्धक बाटल्यांच्या पानभर जाहिराती येतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असावी लागते. बाटलीवर ती इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढी असते. जाहिरातीत तीच ओळ मराठीत, वाचता येईल अशी छापायला लावा. दुसरं, आपल्या आरोग्य पुरवणीत एखादा सोमवार त्या निळ्या गोळीसाठी द्या: आयांसाठी, साध्या भाषेत, डब्यानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही, काळी शौच झाली तर घाबरायचं नाही. मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको.

वाचकांना एकच विनंती. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, चूर्णं एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. लाजू नका. त्रास झाला तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा सरकारी टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. आयुर्वेदिक म्हणून सांगायचं नाही असं काही नसतं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : परवा शिबिरवाल्यांचा फोन आला होता. अहवालाप्रमाणे ‘सरांसाठी’ प्रोस्टेटचा पुढचा कोर्स आणलाय म्हणाले. दांडी धरली ती मीच, असं सांगितल्यावर पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, ‘‘मॅडम, तुमच्यासाठी पण आहे.’’