अक्का, हे पत्र एकटीनेच वाच

मेलबर्न
१८ ऑगस्ट २०२४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आशाताई उपकेंद्रावर बोलवत होती, बायकांची कसलीशी तपासणी आहे म्हणून. जावा गेल्या, मी नाही गेले. मला काय धाड भरलीय?" मी तोंड उघडणार एवढ्यात दाजींच्या कपबशीचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. मग मी सोयाबीनला शेंगा धरल्या का ते विचारलं आणि फोन ठेवला. रात्रभर झोप नाही आली.

म्हणून हे पत्र. ओळखीतले एक जण पुढच्या आठवड्यात पुण्याला येतायत, सोनू त्यांच्याकडून पाकीट घेईल. दुपारी सगळे रानात गेले की चष्मा लावून निवांत वाच.

आपली काकू आठव. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मग पुन्हा लाल जायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायची, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून धुवायची आणि गोठ्यामागच्या बोराटीच्या कुडावर वाळत टाकायची. त्यावर पुन्हा एक पोतं झाकायची, कुणाला दिसू नये म्हणून. मी बारा वर्षांची होते. एकदा चेंडू शोधताना मी ते पोतं उचललं, तर ती धावत आली आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीत धपाटा घातला. वर्षभर तिने अंगावर काढलं. शेवटी वासावरून आईला कळलं आणि तिला बार्शीला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, आजूबाजूला पसरलाय. दिवाळी तिने पाहिली, संक्रांत पाहिली नाही.

तीन-चार वर्षांनी आपल्या गावात बार्शीची जीप आली, ते तुला कदाचित माहीत नसेल. तुझं लग्न झालं होतं. नर्सबाया घरोघर जाऊन ३० ते ५९ वयाच्या बायकांची नावं लिहून घेत होत्या. आई आधी नाही म्हणाली. मग काकूच्या फोटोकडे बघितलं आणि पदर खोचून गेली. आल्यावर म्हणाली, "काही नाही गं, एवढासा बुरूस फिरवला, झालं." त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. त्या बुरुसाचं पुढे काय झालं हे मला इथे येऊन कळलं.

मी लॅबमध्ये नमुने नोंदवण्याचं काम करते ना, तिथे सुरुवातीला आम्हाला प्रशिक्षण होतं. या कॅन्सरची चाचणी कशासाठी, तिच्यावर एवढा भरवसा का, असं बाई समजावत होत्या आणि पडद्यावर इंग्रजीत नाव उमटलं, उस्मानाबाद. आपला जिल्हा! (आता धाराशिव झालं, पण त्या अभ्यासाला जग अजून उस्मानाबाद म्हणूनच ओळखतं.) मी खुर्चीतून अर्धी उठलेच. बाईंना सांगितलं, माझी आई त्यात होती. त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि मला बोलायला लावलं. मला रडूच आलं, अक्का.

मुंबईचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो अभ्यास केला होता. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत वाटले. एकूण १,३१,७४६ बायका. काही गावांत एचपीव्ही नावाच्या विषाणूची चाचणी, काहींत पॅप म्हणजे पेशी काचेवर घेऊन बघायच्या, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायचं आणि चौथ्या गटात नेहमीचं चाललेलं तसंच. प्रत्येकीची तपासणी एकदाच. मग आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निकाल छापून आला. ज्या गटात तपासणी नव्हती तिथे या कॅन्सरने ६४ बायका गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात, बायका थोड्या जास्तच असूनही, ३४. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत एवढा फरक पडला नाही.

त्या ६४ जणींचा विचार मी अनेकदा करते. त्या भूम-परंड्याकडच्या असतील, कळंब-वाशीकडच्या असतील. त्यांची तपासणी का नाही केली, असं लोकांनी पुढे विचारलं आणि ते विचारायलाच हवं होतं. त्यांच्यामुळे जगाला कळलं. आणि तुला मात्र उपकेंद्र चार पावलांवर असून जावंसं वाटत नाही. मी चिडून नाही लिहीत. तुला सांगणारं कुणी भेटलं नाही, एवढंच.

हा कॅन्सर जवळजवळ सगळाच त्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्याच्या खूप जाती आहेत, त्यातल्या १६ आणि १८ नंबरच्या सर्वांत वाईट. दहातले सात कॅन्सर या दोन जातींचेच. नवराबायकोच्या संबंधांतून तो येतो. दचकू नकोस. जवळजवळ प्रत्येक संसारी माणसाच्या अंगात तो कधी ना कधी येऊन जातो, बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवून टाकतं आणि पत्ताही लागत नाही. कुणाकुणाच्या पिशवीच्या तोंडाशी तो ठाण मांडून बसतो. तिथल्या पेशी हळूहळू बिघडत जातात, कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढा वेळ हातात असतो, अक्का. काकूकडेही होता. पॅपमध्ये पेशी बिघडल्यावर दिसतं. एचपीव्ही चाचणीत पेशी बिघडायच्या आधीच, जो बिघडवणार आहे तो सापडतो. म्हणून ती निगेटिव्ह आली की इथे पाच वर्षं पुन्हा बोलवत नाहीत.

आता माझी गोष्ट. हिच्यासाठी मला बराच धीर गोळा करावा लागला.

इथे २५ ते ७४ वयाच्या प्रत्येक बाईला सरकारकडून पत्र येतं. आधी दर दोन वर्षांनी पॅप असायची, डिसेंबर २०१७ पासून तिच्या जागी पाच वर्षांतून एकदा ही चाचणी आली. मी आल्यावर पहिली तीन-चार वर्षं ती पत्रं उघडून ड्रॉवरमध्ये टाकत होते. काकूची मी, आईची मी, तरीही! परक्या माणसापुढे टेबलावर झोपायचं हे मनाला पटेना. शेवटी २०१८ मध्ये गेले, सगळं ठीक निघालं. गेल्या वर्षी पुन्हा चाचणीची वेळ आली, तेव्हा नर्सने विचारलं, "मी नमुना घेऊ की तुम्हीच घेता?" जुलै २०२२ पासून इथे कुणालाही स्वतःच नमुना घेता येतो. मला लॅबमुळे माहीत होतं, तरी आपल्यावर आलं तेव्हा नवलच वाटलं.

तिने लाल टोपणाची एक नळी हातात दिली. आत कानात घालायच्या काडीसारखीच, पण लांब, टोकाला बारीक मऊ लव असलेली काडी. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली. उभ्यानेच, एक पाय कमोडच्या कडेवर ठेवून, काडी बोटाएवढी आत सरकवली, वीस-तीस सेकंद गोल फिरवली, नळीत घातली, टोपण लावलं. दुखलं नाही. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचावंही लागत नाही, कारण विषाणू अलीकडच्या पाण्यातही सापडतो. हात धुऊन बाहेर आले. आपण मोहरीची फोडणी करतो ना, तेवढाही वेळ लागला नाही.

आठवड्याने निकाल आला. पॉझिटिव्ह. १६-१८ नाही, दुसऱ्या जातीचा.

मला काय वाटलं सांगू? पहिल्यांदा काकू डोळ्यांपुढे आली. आणि दुसऱ्या क्षणाला मी यांच्याकडे संशयाने बघितलं. दोन दिवस धड बोलले नाही. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, कधी आला, कुणाकडून आला हे कुठलीही चाचणी सांगत नाही. त्यावरून ना नवऱ्याची चाल कळते ना बायकोची. घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. यांनी फक्त विचारलं, "पुढच्या तपासणीला मी येऊ ना बरोबर?"

पुढची तपासणी म्हणजे डॉक्टरांनी आत बघून पेशी घेतल्या, कारण स्वतः घेतलेल्या नमुन्यातून पेशी तपासता येत नाहीत. पेशी चांगल्या निघाल्या. एक वर्ष थांबून परत चाचणी करा म्हणाले. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. गेल्या मंगळवारी निकाल आला, निगेटिव्ह. विषाणू गेला. त्याच आठवड्यात तू म्हणालीस, मला काय धाड भरलीय.

पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. आणि हे तर नीट लक्षात ठेव, पॉझिटिव्ह आली म्हणून पिशवी काढायची नसते. तुझ्या धाकट्या जावेचं काय झालं ते मला विसरता येत नाही. एकोणतिसाव्या वर्षी, नुसतं अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेली, तर त्या डॉक्टरने "आज नाही काढली तर उद्या कॅन्सर होईल" सांगून तिची पिशवी काढली. ना दुर्बीण, ना तुकडा तपासला. व्याजाने पैसे काढले त्यासाठी. आज चाळिशीत तिला जिना चढवत नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये सगळ्या पेपरांत आलं होतं. सरकारी पाहणीत ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कॅन्सरची भीती घालून बायकांना टेबलावर घेतलं जातं आणि ज्या तपासणीने ती भीती खरी की खोटी ते कळेल, ती कुणी करत नाही. माझा सगळा राग यावर आहे.

पॉझिटिव्ह आल्यावर दुर्बिणीतून बघतात, शंका वाटली तर तीळभर तुकडा काढून तपासतात. पेशी बिघडलेल्या असल्या तर तेवढाच भाग गरम टोकाने जाळतात किंवा तारेने काढतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी, पिशवी जागच्या जागी. कुणी थेट "काढून टाका" म्हणालं तर सरळ उठायचं आणि बार्शी गाठायची.

उपकेंद्रावर जी तपासणी होती ती ॲसिटिक ॲसिडची. ३० ते ६५ वयाच्या बायकांची ती फुकट करतात. नर्स औषध लावते, मिनिटभर थांबते आणि पांढरा डाग उमटतो का बघते. ती वाईट नाही. जावा गेल्या ते उत्तम केलं त्यांनी. पण तुझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली. पाळी गेल्यावर जो भाग बघायचा तोच आत सरकतो, वरून नीट दिसत नाही. म्हणून तुझ्यासाठी एचपीव्ही डीएनए चाचणीच बरी. सोलापूरला किंवा लातूरला मोठ्या लॅबमध्ये करतात. बाईडॉक्टर बघून घे, तिला हेच नाव सांग. पैसे मी सोनूच्या खात्यावर टाकलेत, तो विचारेल तर चष्म्याचे म्हण. तेवढं जमलंच नाही तर पुढच्या वेळी उपकेंद्रावर तरी जा, काहीच न करण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

आणि लाल गेलं, संबंधांनंतर रक्त दिसलं, घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर चाचणीची वाट बघत बसू नकोस. त्या दिवशीच डॉक्टर. काकूसारखं पोतं झाकायचं नाही.

भाऊजींची परी बारा वर्षांची आहे ना? तिच्या आईच्या कानावर घाल, या विषाणूवर लस आहे. इथे २००७ पासून शाळेतच देतात, आमच्या मनूला याच वर्षी सातवीत मिळाली. आपल्याकडे पुण्याच्या सीरमने लस काढली आहे. त्या लशीचे ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते, हेही सांग.

देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या घरात बायका त्याने जातात. आणि पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांत दोघींचीही तपासणी झालेली निघाली नव्हती. आई तर चोवीस वर्षांपूर्वीच जाऊन आली होती.

तिला हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. काकूचं तेवढं वगळ, तिला अजून सहन होत नाही.

पुढच्या रविवारनंतर मी फोन करीन तेव्हा स्पीकर चालूच असेल. तू जाऊन आलीस की नुसतं म्हण, "बार्शीचा बाजार करून आले." निकाल चांगला आला तर म्हण, "ज्वारी स्वस्त मिळाली." आणि पॉझिटिव्ह आला तर म्हण, "ज्वारी महाग होती." मी त्याच रात्री तिकीट बघते आणि दुर्बिणीच्या तपासणीला तुझ्या शेजारी बसायला येते. यांच्याशी माझं बोलणं झालंय, रजाही शिल्लक आहे.

दाजींना नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

तुझी,
मंदा