‘आकर्षक व सुलभ’ ही निविदेतली अट होऊ शकत नाही
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

सरकारी पोर्टलच्या किंवा डॅशबोर्डच्या (आकडेवारी एका नजरेत दाखवणाऱ्या स्क्रीनच्या) निविदेत सर्व्हर, सुरक्षा, डेटाबेस यांच्या अटी तपशीलवार असतात. स्क्रीनच्या मांडणीच्या वाट्याला मात्र बहुधा ‘आकर्षक व वापरण्यास सुलभ’ एवढेच येते. ते मोजता येत नाही, म्हणून काम स्वीकारताना कुणी तपासतही नाही. माहिती प्रणालींचे संशोधक आणि दृश्य डिझायनर यांना निविदेच्या मसुद्यापासूनच एकत्र बसवावे, ही आमची मागणी आहे.

समान अक्षावरचे स्थान (म्हणजे एकाच मोजपट्टीवर कोण कुठवर पोहोचले ते) डोळा सर्वांत अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ वाचताना चुकतो, हे क्लीव्हलँड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच दाखवले. माहिती प्रणालींच्या संशोधक आयरिस वेसी यांनी १९९१ मध्ये त्याला ‘वाचणाऱ्याला काम कोणते करायचे आहे?’ हा प्रश्न जोडला: नेमका आकडा हवा असेल तर तक्ता, कल पाहायचा असेल तर आलेख. तरीही प्रलंबित प्रकरणे आठ तुकड्यांच्या पाय चार्टमध्ये दाखवली जातात. उतरत्या क्रमाने लावलेले आडवे स्तंभ आणि टोकाला आकडा, एवढ्याने काम भागते.

सगळ्यांत मोठी चूक चाचणीत होते. लोकांना डेमो दाखवून ‘आवडले का?’ असे विचारतात. संशोधक ट्रॅक्टिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एटीएमच्या स्क्रीनवर प्रयोग केला. दिसायला छान असलेली मांडणी लोकांना सोपीही वाटली. म्हणजे नुसत्या मतावर विसंबले, तर सुबक पण अडखळवणारा अर्ज सहज पास होतो.

म्हणून कोड लिहिण्याआधी कच्च्या आराखड्यावर चाचणी घ्यावी. अर्ज भरणारा नागरिक आणि तो तपासणारा कारकून हे वेगळे गट. प्रत्येकातून पाच जण बोलवावेत. पाच-सहा खरी कामे द्यावीत, मदत करू नये, आणि वेळ, काम पुरे झाले की नाही, कोणत्या रकान्यात चूक झाली, हे नोंदवावे. दुरुस्ती करून नव्या पाच जणांसह पुन्हा. अशा निदान तीन फेऱ्या. पाच माणसांत दोष सापडतात, पण जुनी मांडणी चांगली की नवी, हे ठरत नाही. त्या तुलनेला बरीच जास्त माणसे लागतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. रंग, क्रम आणि आलेख एकदम बदलले, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

सिस्टिम युजेबिलिटी स्केल या, वापरणाऱ्याला प्रणाली किती सोपी वाटली ते विचारणाऱ्या प्रश्नावलीची दहा विधाने जरूर वापरावीत, पण त्याचे ० ते १०० गुण म्हणजे टक्के नव्हेत. त्यातली सम क्रमांकाची विधाने नकारार्थी आहेत. भाषांतर बोजड झाले की लोक उलटी खूण करतात. भाषांतराचीही आधी चाचणी हवी.

काही किमान अटी थेट लिहिता येतील. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराच्या फरकाचे गुणोत्तर) किमान ४.५:१ असावा. चूक नुसत्या लाल रंगाने दाखवू नये, शेजारी शब्दांत सांगावी. देवनागरीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार येतात. रोमन लिपीसाठी आखलेल्या चौकटीत ते कापले जातात. तेव्हा ओळींतले अंतर अक्षरांच्या आकाराच्या दीडपट ठेवावे.

आणि शेवटचा हप्ता या मोजमापांशी बांधावा: ठरलेल्या कामांपैकी किती पुरी झाली, कोणत्या रकान्यात किती चुका राहिल्या. वापर सुरू झाल्यावर रकानानिहाय चुकांच्या नोंदी, व्यक्तीची ओळख काढून, विद्यापीठांतील संशोधकांना मिळाव्यात.

कळावे,
माहिती प्रणाली आणि दृश्य डिझाइन क्षेत्रांतील आम्ही काही जण