बॉस्टनच्या बाईंना, मनापासून

आदरणीय बाई,

आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात. तुम्ही तीस वर्षं शिकवलंत, म्हणून पहिल्या दिवसापासून मनात मी तुम्हाला हीच हाक मारत आलो. माझी मुलगी या पत्राचं इंग्रजी करून तुम्हाला पाठवणार आहे. तरी ते मराठीत, सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण तुम्ही जे वाचून दाखवलंत ते माझ्या लोकांपर्यंतही पोचायला हवं.

मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे राहायला आलो होतो. सकाळी फिरताना बॉस्टन कॉमन या बागेच्या कडेला, राज्याच्या विधानभवनासमोर, ब्राँझचं ते मोठं शिल्प दिसलं. घोड्यावर गोरा अधिकारी, आणि त्याच्या बरोबरीनं बंदुका खांद्यावर टाकून चाललेले काळे शिपाई. मी महार रेजिमेंटमध्ये नोकरी केलेला माणूस. पावलं आपोआप थांबली. शिपायांची पाठपिशवी, पाण्याची बाटली, गुंडाळलेली घोंगडी, सगळं निरखत होतो. तुम्ही बाकावर बसला होतात. मी फौजी आहे हे माझ्या उभं राहण्यावरून ओळखलंत आणि विचारलंत, "यांची गोष्ट ठाऊक आहे का?"

इंग्रजी मला जेमतेम येतं. तुम्ही ते जाणलंत आणि त्यानंतरचे आठ शनिवार मला दिलेत. सकाळी दहाला ग्रंथालयात बसायचं, त्या शिपायांचं एकेक पत्र सावकाश वाचायचं, मी हात वर केला की थांबायचं. एकदाही घाई केली नाहीत.

त्या वाचनातून शिल्पातली ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण मला कळली, गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत पेटलेल्या यादवीत उत्तरेकडून लढलेली काळ्या शिपायांची पलटण. १८६३ च्या फेब्रुवारीत बॉस्टनजवळ रेडव्हिलच्या छावणीत भरती सुरू झाली आणि २८ मे रोजी पलटण याच रस्त्यानं कूच करून गेली. स्वतः गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढणारे काळे नेते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगेही तिच्यात भरती झाले होते. १८ जुलैच्या संध्याकाळी साउथ कॅरोलिनात फोर्ट वॅग्नरवर हल्ला झाला. दोन दिवसांआधीच एक चकमक झालेली, पोटात धड अन्न नाही, झोप नाही, आणि समुद्रकाठच्या वाळूतून चाल करायची. सुमारे सहाशे जण पुढे गेले, त्यांतले अडीचशेहून अधिक मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. पलटणीचे प्रमुख कर्नल शॉ, शिल्पातले घोड्यावरचे अधिकारी, पंचविशीतच पडले. शत्रूनं त्यांना त्यांच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं, आणि त्यांच्या वडिलांनी सांगितलं की माझ्या मुलाला तिथून हलवू नका. सार्जंट विल्यम कार्नी गोळ्या लागलेल्या अवस्थेत झेंडा घेऊन परतले. त्यांना सर्वोच्च शौर्यपदक मिळालं ते १९०० साली.

लढाई एका संध्याकाळची होती. मी अडकलो तो तिच्यानंतरच्या महिन्यांत, कारण शिपायाचं आयुष्य तिथेच जातं.

किल्ला घेण्यासाठी पुढे वेढा पडला, तो सप्टेंबरपर्यंत चालला. त्या काळात या पलटणीच्या हातात बंदुकीइतकंच फावडं होतं. उन्हात वाळूतले खंदक खणायचे, वरून तोफांचे गोळे. आमच्या फौजेत याला फटीग म्हणतात. खायला दगडासारखं कडक बिस्कीट, ते कॉफीत बुडवून मऊ करायचं. तुम्ही सांगितलंत की त्या युद्धात गोळीपेक्षा रोगराईनं जास्त शिपाई गेले. हगवण, हिवताप, विषमज्वर. ऐकताना मला आश्चर्य वाटलं नाही. १९८७ मध्ये आमची पलटण श्रीलंकेतल्या यादवीत उतरली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. कोण आपला, कोण परका कळत नाही अशा गावांतून फिरताना काय वाटतं, ओल्या बुटांत रात्र कशी काढायची, हे घरी मी कुणालाच बोललो नव्हतो. त्या ग्रंथालयात तुमच्यापाशी पहिल्यांदा बोललो. तुम्ही पुस्तक मिटून ऐकत राहिलात. त्याबद्दल आभार मानायला तेव्हा शब्द सुचले नाहीत, म्हणून आज मानतो.

आणि मग तुम्ही कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग यांचं पत्र वाचलंत. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर काम केलेला हा खलाशी पलटणीत आला होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १० ठरलेले, त्यातून कपड्यांचे ३ कापायचे, हातात ७. भरतीच्या वेळी बरोबरीचा पगार कबूल केला होता. पलटणीनं ते ७ डॉलर घ्यायचं साफ नाकारलं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं वरचा फरक भरून देऊ केला, तोही घेतला नाही, कारण प्रश्न केंद्र सरकार त्यांना काय समजतं याचा होता. घरी बायकापोरं उधारीवर जगत असतील आणि इकडे पगाराच्या दिवशी हात मागे घ्यायचा. दीड वर्ष! पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसलेलं घर मी पाहिलंय, त्यामुळे या दीड वर्षाचं वजन मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

२८ सप्टेंबर १८६३ रोजी गुडिंग यांनी थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना लिहिलं: आम्ही सैनिक आहोत की मजूर? सैनिकाचं कर्तव्य आम्ही केलं आहे, मग सैनिकाचा पगार का नाही?

हे वाक्य तुम्ही दोनदा वाचलंत. मला माझे आजोबा आठवले. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या सैन्यात असलेल्या घरांना अर्ज करावे लागले की आम्हीही सैनिकच आहोत. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि आजोबा तिच्यात गेले. अंगावरच्या वर्दीबद्दल ते फार कमी बोलायचे, पण ट्रंकेत घडी घालून जपायचे.

फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑलस्टीच्या लढाईत ही पलटण "मॅसॅच्युसेट्सचा जय, महिना सात डॉलरचा जय" अशी आरोळी देत गेली, हे सांगताना तुमचा आवाज कापला होता. त्याच लढाईत गुडिंग जखमी होऊन पकडले गेले आणि १९ जुलैला शत्रूच्या अँडरसनव्हिल इथल्या कैदखान्यात वारले. समान पगाराचा कायदा त्याआधी महिनाभर झाला होता. पैसे पलटणीच्या हाती पडले शरदात.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. ही अर्पणपत्रिका मी शाळकरी वयापासून वाचत आलो, आणि डोळ्यांसमोर नेहमी गोरे दयाळू लोक यायचे. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही मला परत शिल्पापाशी नेलंत, मागच्या बाजूला. १८९७ मध्ये शिल्प उभं राहिलं तेव्हा त्यावर फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती. पडलेल्या काळ्या शिपायांची नावं कोरायला १९८० चं दशक उजाडलं. तुम्ही त्या नावांवरून बोट फिरवत गेलात आणि मला म्हणालात, "या माणसांनाही ते पुस्तक अर्पण झालंय असं समजा." तेव्हापासून मी तसंच समजतो.

यंदा ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, आमच्या गावच्या समाजमंदिरात मी गुडिंग यांचं पत्र मराठीत वाचलं. तुमच्यासारखंच सावकाश. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, त्यांना लिहायला कुणी शिकवलं? गुडिंग यांचं नेमकं सांगता आलं नाही. मग तिला सूझी किंग टेलर यांच्याबद्दल सांगितलं. सव्हाना शहरात पुस्तकं कागदात गुंडाळून चोरून शाळेत जाणारी पोर, जी पुढे दुसऱ्या एका काळ्या पलटणीच्या छावणीत कपडे धुता धुता, जखमींची सेवा करता करता शिपायांना वाचायला शिकवायची, आणि तेही बिनपगारी. ती मुलगी म्हणाली, म्हणजे सावित्रीबाईंसारखी. मी हो म्हणालो.

बाई, सूझी किंग टेलर यांच्या आठवणींचं पुस्तक आपलं अर्धंच वाचून झालंय. मी पुढच्या जूनमध्ये येतो आहे. शनिवारी दहाला ग्रंथालयाच्या दाराशी उभा असेन.

जयभीम.

आपला विद्यार्थी,
एक निवृत्त हवालदार, जिल्हा सातारा